भरली की निघते

चौदा महिने, रात्रीची भांडी झाल्यावर,
मी एका गाडीला वेळ नसणं शिकवत होते.

म्हणजे असं, की
गावोगावच्या बसगाड्यांची वेळापत्रकं मांडणारी एक प्रणाली आहे,
कुणा एकाच्या मालकीची नाही,
ज्याला जमेल त्याने हात लावावा अशी.
तिच्या दर ओळीत वेळेचा रकाना,
आणि तो रिकामा सोडला की ती लालेलाल होते.

आमच्या यावलच्या स्टॅंडबाहेर, रसवंतीच्या मागे,
नामदार तडवीची जीप उभी असते.
ती किती वाजता निघते
असं विचारणारा बाहेरगावचा समजावा.
भरली का निंघते, नामदार म्हणतो.
आणि भरली म्हणजे किती,
ते बाजाराच्या दिवशी वेगळं, लग्नसराईत वेगळं,
केळीचे मजूर परतत असतील तर टपावरचे धरून.

हे सगळं मी लिहिलं.
अकरा हजार तीनशे बेचाळीस ओळी.
किती माणसांवर हलायचं,
ऊन चढलं तर कमी माणसांवर कसं हलायचं,
आणि कळा सुरू झालेली कुणी असली
तर कुणाचीच वाट न बघता कसं हलायचं.
एवढ्या एकाला सबंध पौष गेला.

एका मंगळवारी पहाटे पाठवून दिलं, एकगठ्ठा.

नवव्या दिवशी उत्तर आलं. यूहा नावाचा कुणी.
त्याच्याकडे अजून बर्फ असणार.
काम चांगलं दिसतंय, त्याने लिहिलं होतं,
पण एवढं मी एका वेळी वाचू शकत नाही,
कुणीच शकणार नाही.
तुकडे करून पाठवाल का?
आणि खाली, जाता जाता:
निघायचं, हे चालकाला कळतं कसं?

तुकडे!
चौदा महिन्यांत मी त्यातली एक ओळ सुटी पाहिली नव्हती.
एक दुसरीच्या मांडीवर,
जीपमध्ये बसतात तशा बसलेल्या.

ओट्यावर उडदाचे पापड चालले होते.
गल्लीतल्या सातआठ जणी,
आज आमचे, परवा शकुमावशीचे.
आई दोऱ्याने उंडा कापत होती,
दोऱ्याचं एक टोक दातांत.
मी दारात उभीच, तर दोरा न सोडता म्हणाली,
बघत काय ऱ्हायली, तेल लाव हाताला.

रात्री कापायला बसले.
सत्तावीस तुकडे झाले.
पहिल्यात काय ठेवायचं यातच तीन रात्री गेल्या.
कळा आलेली बाई शेवटच्यात गेली.
कुणासाठी न थांबणारी ती एकटी,
आणि तिलाच मी सगळ्यांच्या मागे बसवलं.

नामदारला विचारलं, खरं सांग, कळतं कसं?
त्याने तंबाखू मळली, चुना जास्त झाला म्हणून थोडी टाकली.
गाडी जराशी खाली बसते, म्हणाला. मांगून.
पायाले समजते.

जसंच्या तसं यूहाला कळवलं.
त्याने लिहिलं, हे टिपण म्हणून आतच राहू द्या,
पुढे वाचणाऱ्याला लागेल.

चैत्रात पहिला तुकडा आत घेतला गेला.
एकोणीस ओळी.
त्यांचा अर्थ एवढाच, की
वेळेचा रकाना रिकामा असला तरी चालेल.
शेजारी बारीक अक्षरात माझं नाव. प्रणोती नेहेते.
आईला दाखवलं, तर चष्मा सापडेना.
बाकीचे सव्वीस रांगेत आहेत.

नामदारला सांगायला स्टॅंडवर गेले.
मंग आता टाइम सांगा लागंन का?
नाही.
मंग बदललं काय?

मला काही सुचेना.
दहिगावला काम नव्हतं तरी
मागच्या बाकावर जाऊन बसले.
अजून तिघं हवे होते.